किमान दोन अंडी

वसुधाताईंनी पर्समधून रुमाल काढला, रुमालातून एक अंडं काढलं आणि ते दुकानातल्या काचेच्या टेबलावर ठेवलं. घरंगळू नये म्हणून त्यावर एक बोट धरलं. मग समोरच्या विक्रेत्या बाईला शांतपणे इंग्रजीत म्हणाल्या, "हे एक अंडं आहे. याचा पांढरा भाग तुमच्या या मिक्सरमध्ये फेटून दाखवा."

मी दोन पावलं मागे सरकले आणि अतिशय रस असल्यासारखी टोस्टर बघायला लागले.

विक्रेती पन्नाशीची चिनी बाई होती. छातीवरच्या बिल्ल्यावर 'ॲन' लिहिलेलं. ती अंड्याकडे बघून म्हणाली, "आंटी, धिस वन डिस्प्ले सेट लाह. कॅनॉट."

"कॅन," ताई म्हणाल्या. "भांडं मी धुऊन देईन."

सकाळची वेळ, दुकानात आम्ही तिघीच. शेवटी ॲनबाईंनाही उत्सुकता वाटली असावी. ताईंनी तिथेच एका वाटीत अंडं फोडलं, पिवळं बाजूला काढलं आणि पांढरा भाग त्या मोठ्या स्टीलच्या भांड्यात ओतला. तोही त्यांनी घरून आणलेल्या चमच्याने, थेंबही मागे न ठेवता. मिक्सर सुरू झाला. तारांची ती फुगीर रवी गरगर फिरत राहिली आणि अंडं तळाशी होतं तसंच पडून राहिलं. दोघांची गाठच पडेना.

"बघ," ताई माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या. "एकट्या अंड्याची हे यंत्र दखलच घेत नाही."

मी हसले. ताईंनी वही काढून काहीतरी लिहिलं, भांडं खरोखरच मागच्या बेसिनमध्ये नेऊन धुऊन दिलं, आणि आम्ही बाहेर पडलो. त्या वेळी मला ती एक गंमत वाटली होती. घरी जाऊन नवऱ्याला अगदी नक्कल करून सांगितली.

वसुधाताई साठ्ये जाऊन आता वर्ष होत आलं. सिंगापूरच्या आंग मो किओ भागातल्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत मोजमापाची एक छोटी प्रयोगशाळा होती, तिच्या त्या प्रमुख आणि मी त्यांच्या हाताखाली. कंपनीतले सगळे तराजू, तापमापक, गेज आमच्याकडे तपासायला यायचे. ते खरं बोलतात की खोटं, हे आम्ही ठरवायचं. ताई सांगलीच्या. सत्ताविसाव्या वर्षी दोन वर्षांसाठी म्हणून सिंगापूरला आल्या आणि चौतीस वर्षं राहिल्या. लग्न केलं नव्हतं. का, असं विचारण्याचा आगाऊपणा इथल्या मराठी मंडळातल्या एका वहिनींनी एकदा केला. "योग्य मापाचा मिळाला नाही," ताई म्हणाल्या आणि वहिनींकडे अशा बघत राहिल्या, की वहिनींनी आपणहून खीर वाढायला घेतली.

त्यांच्या प्रयोगशाळेचे नियम दोनच. पहिला, यंत्र तिथे वही. प्रत्येक यंत्राला सुतळीने एक वही बांधलेली असे. तारीख, कुणी वापरलं, कशासाठी, शेरा. दुसरा, डोळ्यांनी पाहिलं नाही ते वहीत लिहायचं नाही. 'अंदाजे' हा शब्द त्यांना शिवीसारखा लागे. एकदा त्या आमच्या चोआ चू कांग भागातल्या घरी जेवायला आल्या असताना माझ्या सासूबाई मला म्हणाल्या, "आमटीत मीठ अंदाजानं घाल गं." ताईंनी मान वर न करता विचारलं, "कुणाच्या अंदाजानं?" सासूबाई आजतागायत त्यांना 'ती तागडीवाली' म्हणतात. पण त्या दिवशी आमटी आळणी झाली होती हे कबूलही करतात.

आणि त्यांचं एक पालुपद होतं. कामात कुणी गडबड केली, साडेसहाला बॅग आवरायला लागलं, की त्या म्हणायच्या, "घाई कसली? घरी कुणी वाट बघत बसलंय?" मला ते लागायचं नाही, कारण माझ्या घरी बसलेलं असायचं. नवरा, सासूबाई, लेक रेवा. मी "हो ना ताई" म्हणून हसत निघून जायचे. त्या कुणाला विचारत होत्या, हा विचार काही माझ्या डोक्यात आला नाही.

त्यांच्या आयुष्यात केक आला तो इथेच. सुरुवातीला त्या एका चिनी आजींच्या घरी खोली घेऊन राहत. आजींनी त्यांना पांदानचा शिफॉन केक शिकवला. पांदानच्या पानांचा हिरवा रस, नारळाचं दूध, आणि अंड्याचा पांढरा भाग फेटून फेटून इतका फुगवायचा, की भांडं उलटं केलं तरी पडता कामा नये. ओव्हनमध्ये गेला की घरभर आंबेमोहोर भाताचा वास सुटतो. ताई म्हणायच्या, की त्या वासामुळेच त्या दोन वर्षांनी परत गेल्या नाहीत. पण हे त्यांनी कुठे मोजलं असेल असं मला वाटत नाही.

पुढे यिशुनला स्वतःचा लहानसा फ्लॅट झाला आणि दर शनिवारी एका अंड्याचा केक सुरू झाला. हो, एकाच अंड्याचा. त्यासाठी त्यांनी वाटीएवढा साचा शोधून आणला होता. अंडंही वजन करून घ्यायचं. "कृतीत लिहितात मध्यम आकाराचं अंडं. मध्यम म्हणजे कुणाच्या मानानं?" त्या केकचे चार तुकडे होत. एक शनिवारच्या चहाला, एक रविवारच्या. तिसरा कॉरिडॉरमध्ये समोरच राहणाऱ्या रोकिया आजींना. त्या मलाय मुसलमान, म्हणून ताई साहित्य सगळं हलाल शिक्का बघून आणत आणि वासासाठी अल्कोहोल असलेल्या इसेन्सचा थेंबही घालत नसत. चौथा तुकडा सोमवारी स्टीलच्या डबीतून माझ्या टेबलावर. डबी मंगळवारी घासून परत करायची. नुसती विसळलेली डबी त्या परत पाठवायच्या.

मग रोकिया आजी लेकीकडे, पलीकडे मलेशियातल्या जोहोरला, राहायला गेल्या. समोरचं दार बंद झालं. माझ्या डबीत दोन तुकडे यायला लागले.

त्याच सुमारास ताईंचं मनगट दुखायला लागलं. हाताने फेटायचं म्हणजे वीस-पंचवीस मिनिटं एकसारखा हात चालवायचा. पॉलीक्लिनिकच्या डॉक्टरने मनगटाला पट्टा दिला आणि फेटणं बंद सांगितलं. हातात धरायचं विजेचं यंत्र आणून पाहिलं, तर त्याच्या थरथरीने दुखणं खांद्यापर्यंत गेलं. म्हणजे आता ओट्यावर उभा राहून आपला आपण फेटणारा मोठा स्टँड मिक्सर घ्यायचा, नाहीतर केक बंद. आणि केक बंद म्हणजे सोमवारची डबी बंद. ताई मला म्हणाल्या, "मग मी सोमवारी तुझ्याशी काय बोलू? गुड मॉर्निंग?"

असा आमचा मिक्सरचा शोध सुरू झाला. महिनोन् महिने चालला. दर शनिवारी एक दुकान. ताईंची वही, मापाची टेप, आणि रुमालात अंडं. मोटर किती वॉटची, हे सगळे विचारतात. ताई विचारायच्या, सर्वांत हळू वेगाला तो किती हळू चालतो. डोकं उचलणारा बरा की भांडं वर सरकणारा. अर्धा तास चालल्यावर कुठे तापतो. तापतो कुठे हे बघायला त्यांनी प्रयोगशाळेतला तापमापक आणला होता. काही दुकानांत आम्ही दिसलो की विक्रेते मागच्या खोलीत जायचे असा माझा समज आहे. ॲनबाई मात्र गेल्या नाहीत. तिसऱ्या वेळेला त्या स्वतःच म्हणाल्या, "आंटी, टुडे ब्रिंग एग ऑर नॉट?"

हळूहळू यादी दोनांवर आली. एक छोटा, पिवळट रंगाचा, तीन-सव्वातीन लिटरच्या भांड्याचा. त्यात एक अंडं फेटलं जायचं. ताईंनी स्वतः पाहिलं होतं. दुसरा मोठा, राखाडी, त्याच्या दुप्पट भांड्याचा. पहिल्या दिवशी अंडं तळाशी पडून राहिलं तो हाच. कमीत कमी तीन अंडी तरी लागतात, ॲनबाई म्हणाल्या. फॅमिली साइझ.

यात ठरवायचं काय, मला कळेना. पण ताई ठरवेनात. शनिवारमागून शनिवार त्या दोघांच्या मध्ये उभ्या राहायच्या. मोठ्याच्या भांड्यात हात घालून आतून फिरवायच्या. मोजमाप सगळं संपलं होतं, वहीत लिहायला काही उरलं नव्हतं. त्या शनिवारी मला घरी जायची घाई होती. रेवाची परीक्षा होती, सासूबाईंचा फोन येऊन गेला होता. आणि मी म्हणाले, "ताई, छोटाच घ्या ना. तुम्हाला एकटीला किती लागणार?"

आपल्याकडे असं सहज म्हणतात. भाजी घेताना म्हणतात, कुकर घेताना म्हणतात. मायेनेच म्हणतात. ताईंनी वही मिटली आणि पेनाला टोपण लावलं. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "चल, तुझी वाट बघत असतील."

एमआरटीच्या डब्यात आम्ही शेजारी बसलो होतो. त्या समोरच्या नकाशाकडे बघत होत्या, जणू यिशुनला कसं जायचं हे त्यांना माहीत नव्हतं.

पुढच्या शनिवारी त्यांनी मला बोलावलं नाही. एकट्या गेल्या आणि मोठा मिक्सर घेऊन आल्या.

मला वाटलं, सोमवारी पुन्हा डबी येईल. डबी नव्हती. आमंत्रण होतं. प्रयोगशाळेतले आणि मंडळातले मिळून आम्ही दहा-बारा जण, पुढच्या रविवारी चार वाजता, यिशुनला चहा आणि केक. इतक्या वर्षांत ताईंनी असं कधी बोलावलं नव्हतं. प्रत्येकाला त्या स्वतः विचारत होत्या, "नक्की का? मला आकडा हवाय." आणि प्रत्येकाने तेच सांगितलं जे आपण सांगतो. बघतो. जमवतो. प्रयत्न करतो नक्की. मीही म्हणाले, "येतोच, रेवाच्या ट्यूशनचं तेवढं बघते." आपल्यात 'बघते' म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. पण ताई चौतीस वर्षं मोजणाऱ्या लोकांत राहिल्या होत्या. त्यांनी 'बघते'चा अर्थ, बघते, असाच घेतला.

त्या रविवारी ट्यूशनची वेळ बदलली. मला वाटलं बाकीचे दहा जण जातायतच, मी एक नसले तर काय बिघडतं. मेसेज टाकला, 'सॉरी ताई, नाही जमत, पुढच्या वेळी नक्की.' सोमवारी जेवणाच्या सुट्टीत एकमेकांना आणि मंडळाच्या ग्रुपवर विचारता विचारता कळलं. प्रत्येकाला वाटलं होतं बाकीचे जातायत. कुणाच्या घरी पाहुणे आले, कुणी जोहोरला गेलं, कुणी चक्क झोपलं. कुणीही गेलं नव्हतं. एकही जण नाही.

कंपनीच्या पॅन्ट्रीत टेबलावर तीन मोठे हिरवे केक होते, नीट कापलेले, वर स्वच्छ अक्षरात चिठ्ठी, 'कृपया घ्या.' तुकडे सगळे एकसारखे. तिथे चाळीस माणसांनी ते खाल्ले, छान छान म्हटलं. मी ताईंच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. त्याच म्हणाल्या, "खाल्लास का? सावकाश खा. घाई कसली?" पालुपदाचा दुसरा अर्धा भाग त्यांनी म्हटला नाही. नंतरही माझ्या ऐकण्यात तो परत कधी आला नाही.

तीन महिन्यांनी त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या समारंभात त्यांनी भाषण केलं नाही, सगळ्या यंत्रांच्या वह्या एकदा चाळून बघितल्या आणि सुतळ्या तेवढ्या नव्या बांधल्या.

मी त्यांच्याकडे जाईन जाईन म्हणत राहिले. यिशुन काही लांब नाही. तरी पाच महिने गेले. शेवटी एका शनिवारी दुपारी, न कळवता गेले. कळवलं असतं तर पुन्हा 'बघते' म्हणाले असते, अशी माझी मलाच भीती होती.

त्यांनी दार उघडून मला आत घेतलं. मग म्हणाल्या, "थांब, अंडी बाहेर काढते. गार अंडी फुगत नाहीत."

घर लख्ख होतं. ओट्यावर खिडकीपाशी तो राखाडी मिक्सर, जुन्या इरकली साडीचा अभ्रा घातलेला. आणि त्याच्या मानेला सुतळीने बांधलेली वही. मला हसू आलं.

"हसतेस काय," त्या म्हणाल्या. "यंत्र तिथे वही. हे बघ, याला भांड्याची उंची कमीजास्त करायचा स्क्रू आहे. दुकानवाल्यांनाही माहीत नव्हतं. थोडा थोडा फिरवत मी तो तिनावरून दोनावर आणला. त्याच्या खाली येत नाही. एका अंड्याला हा अजून पोचत नाही. किमान दोन लागतात."

"मग दर शनिवारी दोनाचा करता?"

"नाही. दोनाचा मी एकटी कशाला करू? कुणी आलं तर करते."

त्या अंड्यांचं वजन करत होत्या, तेवढ्यात मी वही उघडली. पहिलं पान त्या रविवारचं होतं. अंडी अठरा. माणसं, या रकान्यात शून्य. शेरा: 'सर्वांना कामे होती.' त्याखाली, आठ महिन्यांत मिळून फक्त चार नोंदी. एसी दुरुस्त करणारा, अंडी दोन, माणसं दोन. शेरा: 'त्याला आवडला. घाईत होता.' पाण्याचा मीटर बघायला आलेली मुलगी. जोहोरहून आलेल्या रोकिया आजी, अंडी तीन. आणि ॲनबाई. ॲनबाई सुट्टीच्या दिवशी यिशुनला त्यांच्याकडे येऊन केक खाऊन गेल्या होत्या. दुकानातली विक्रेती आली होती आणि अकरा वर्षं शेजारच्या टेबलावर बसलेली मी आले नव्हते. मला लाज वाटली. मी वही तशीच सोडून दिली.

मिक्सर सुरू झाला. ताई पट्टा बांधलेला हात दुसऱ्या हातात धरून बघत उभ्या राहिल्या. दोन अंड्यांचं पांढरं बघता बघता फुगलं. त्यांनी भांडं काढून माझ्या डोक्यावर उलटं धरलं. काही पडलं नाही. त्या इतक्या मोकळ्या हसल्या, की प्रयोगशाळेत मी त्यांना तसं हसताना पाहिल्याचं आठवत नाही.

केक ओव्हनमध्ये गेला. आंबेमोहोराचा वास सुटला. त्या रेवाचं विचारत होत्या, सासूबाईंचं विचारत होत्या, आमटीत मीठ आता कसं घालता ते विचारत होत्या. केक बाहेर काढला आणि साचा मधल्या नळीने एका बाटलीच्या तोंडावर उलटा टांगला. शिफॉन केक असाच गार करावा लागतो, नाहीतर खाली बसतो. "आता तासभर थांबायचं," ताई म्हणाल्या आणि खुर्ची ओढून समोर बसल्या.

तेवढ्यात माझा फोन वाजला. रेवा होती. "ममा, आय फरगॉट माय की लाह. नोबडी होम. यू कमिंग ऑर नॉट?" नवरा सासूबाईंना घेऊन देवळात गेला होता. रेवा सोळा वर्षांची होती. खाली व्हॉइड डेकवर, इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, बसली असती तासभर, काही बिघडलं नसतं. हे मला तेव्हाही कळत होतं. तरी माझे पाय उठले. पंधरा वर्षांची सवय ती, फोन वाजला की निघायचं.

"ताई, मला निघायला हवं. रेवा बाहेर उभी आहे."

त्यांनी एकदा उलट्या साच्याकडे बघितलं. आता काढला असता तर केक बसला असता, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं. "जा, जा," त्या म्हणाल्या. "कुणाला वाट बघायला लावू नये."

त्यात टोमणा नव्हता. त्यांना टोमणा मारता यायचाच नाही, आणि म्हणूनच ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. मी म्हणाले, "पुढच्या शनिवारी येते. नक्की." त्या म्हणाल्या, "बघ, जमलं तर." इतक्या वर्षांनी त्याही शिकल्या होत्या.

लिफ्ट त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरच होती. लिफ्ट येईपर्यंत मी तिथे उभी होते. खिडकीतून दिसत होतं, बाटलीवर उलटा टांगलेला साचा, आणि ताई ओट्यापाशी वाकून, चष्मा कपाळावर सारून, सुतळीला बांधलेल्या वहीत काहीतरी लिहीत होत्या. लिहून झाल्यावर त्यांनी नेहमीसारखं पेनाला टोपण लावलं. लिफ्टचं दार उघडलं आणि मी आत गेले. ताईंना मी शेवटचं पाहिलं ते असं.

पुढचा शनिवार जमला नाही. त्याच्या पुढचाही नाही. सहाव्या आठवड्यात ॲनबाईंचा फोन आला. ताईंच्या वहीत माझा नंबर होता म्हणे. दार उघडत नाही म्हणून त्यांनीच पोलिसांना बोलावलं होतं. ताई झोपेतच गेल्या होत्या.

सांगलीहून त्यांचा भाचा येऊन सगळं आवरून गेला. मिक्सर त्याने ॲनबाईंना दिला, ते योग्यच झालं. वही मात्र मी मागून घेतली. शेवटची नोंद त्या शनिवारची आहे. अक्षर नेहमीसारखं सरळ, एकही खाडाखोड नाही. डोळ्यांनी पाहिलं नाही ते कधीही न लिहिणाऱ्या बाईंनी लिहिलंय: 'अंडी दोन. माणसं दोन. शेरा: गार होईपर्यंत थांबलो. उत्तम झाला.'